स्वमग्न मुलाला कुठल्या शाळेत घालायचं? निवड पालकांची, मुख्याध्यापकांची नव्हे

कोपरी (ठाणे पूर्व) : मूल साडेतीन वर्षांचं झालं तरी हाक मारली की बघत नाही, एकच शब्द दिवसभर म्हणत राहतं, मिक्सर लावला की कान झाकून घेतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, 'त्याचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता.' यात दोन वर्षं निघून जातात आणि मग एकदम पहिलीत नाव घालायची वेळ येते.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा वेडेपणा नाही, नजर लागलेली नाही आणि आईचं दुर्लक्ष झालं म्हणूनही हे होत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. कुणाला गणित पटकन येतं पण बोलता येत नाही, कुणाला बोलता येतं पण वर्गातला गोंगाट सोसत नाही. म्हणून शेजारच्या मुलाला जी शाळा लागू पडली ती आपल्याला पडेलच असं नाही.

कोपरीत राहणाऱ्या पालकापुढे निदान दोन-तीन दारं असतात. जवळची महापालिकेची शाळा आहे, ठाणे महापालिका 'जिद्द' नावाची विशेष मुलांची शाळा चालवते, शिवाय खासगी संस्था आहेत. शहापूर तालुक्यातल्या किन्हवली, डोळखांबकडच्या किंवा मुरबाडमधल्या टोकावडे, धसईकडच्या पालकाला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'याला ठाण्याला घेऊन जा, इथे जमणार नाही.' ते ऐकून लगेच बॅग भरायची गरज नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात स्वमग्नता आहे. त्याचं कलम ३१ पालकांनी पाठच करून ठेवावं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे ठरवायचा हक्क मुलाकडचा, म्हणजे व्यवहारात पालकांचा आहे. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य शाळेला दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची परीक्षाही घेता येत नाही. 'आठ दिवस बसवून बघू, मग सांगू' हेही त्याच जातीचं उत्तर आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा. कागद मागितला की सूर बदलतो.

पण हक्क दाखवायला प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच पालघरमधून, तेव्हा पालघर आपल्याच जिल्ह्यात होतं. पथकातल्या डॉक्टरांना मुलाचं वागणं स्पष्ट सांगा, लाजून 'थोडा हट्टी आहे' म्हणू नका. पुढे जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. त्यात 'इसा' नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, त्यावरून यूडीआयडी कार्ड मिळतं. चाळीस ते एकोणऐंशी टक्क्यांना पिवळी पट्टी, त्यापुढे निळी. खासगी इंग्रजी शाळेतल्या पंचवीस टक्के आरटीई जागांसाठीही हे प्रमाणपत्र चालतं आणि दिव्यांग मुलाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता मूळ प्रश्न, साधी शाळा की विशेष शाळा? पाटीवरून ठरवू नये. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे असतात, जिल्हा परिषदेच्या शाळा शिक्षण विभागाकडे. बऱ्याच विशेष शाळांची मान्यता बौद्धिक अक्षमता किंवा मूकबधिर मुलांसाठीची असते. तिथे स्वमग्न मुलासाठी शिकलेला शिक्षक आहे का, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारावं. राग आला तर येऊ दे.

गावातल्या शाळेसाठी समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाची सोय आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन मुलाची नोंद करून घ्या. विशेष शिक्षक, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि खूपच अडचण असेल तर घरी येऊन शिकवणं, हे सगळं तिथूनच हलतं. अडचण एकच, एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. तो महिन्यातून किती वेळा येणार, हे कळल्याशिवाय निर्णय घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रामागे एक अशी ४,८६० पदं मंजूर केली. आपल्या केंद्रातलं पद भरलंय का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखं आहे.

शाळा बघायला जाताना मुलाला घेऊन जा, आणि मधल्या सुट्टीत जा. खरी परीक्षा तेव्हाच असते. घंटा केवढ्याने वाजते? गोंधळ झाला तर मूल शांत बसेल असा एखादा कोपरा आहे का? शौचालयात कोण नेणार? फाटकाला कडी आहे का? स्वमग्न मुलं अचानक चालायला लागतात, आणि शाळा रस्त्याला किंवा ओढ्याला लागून असेल तर कडी पुस्तकांपेक्षा महत्त्वाची. बाई मुलाशी बोलतात की फक्त तुमच्याशी, तेही बघा.

राहिला प्रवास. आसनगाव ते ठाणे पन्नासेक किलोमीटर, कसाऱ्याहून त्याहून लांब, मुरबाडला तर आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. गर्दी आणि कर्कश आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी रोजची लोकल म्हणजे शाळेआधीच थकवा, आणि सोबत जाणाऱ्या आईची मजुरी बुडते ती वेगळीच. काही पालक मधला मार्ग काढतात. रोजची शाळा गावात आणि थेरपी आठवड्यातून एकदा ठाण्याला किंवा कल्याणला. केंद्रीय नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

एकदा घेतलेला निर्णय बदलताही येतो. सहा महिन्यांत मूल कोमेजलं, रात्री झोपेनासं झालं, तर शाळा बदला. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत केवळ दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही.