किंदीचे चार शागीर्द

अर्धांगवायूचा झटका आल्यावर पाच महिने माझ्या अब्बांना 'पाणी' हा शब्द म्हणता येत नव्हता. ते पेल्याकडे बोट दाखवायचे आणि चिडायचे. एका गुरुवारी शेजारी मिलाद होता. तिथला सलाम ऐकता ऐकता अब्बा चालीसकट, शब्दांसकट तो म्हणू लागले. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईलवर त्यांच्या आवडीच्या नात आणि जुन्या कव्वाल्या लावायला लागले. आठवडाभरात एक वडीलधारे नातेवाईक भेटायला आले आणि म्हणाले, "बेटा, आजारी माणसाजवळ तिलावत लावावी. हे गाणंबजावणं आपल्यात नसतं."

तिलावत रोज होतच होती. मी त्यांना चहा दिला, वाद घातला नाही. पण ते 'आपल्यात' मनातून जाईना. मी उर्दू-मराठी शिकवणारी शिक्षिका, इतिहासाची अभ्यासक नव्हे. तरी शोधत गेले आणि थेट नवव्या शतकातल्या बगदादला पोचले.

तिथे अल-किंदी नावाचा फिलसूफ होता. गणित, वैद्यक, अत्तरं, संगीत, सगळ्यांवर त्याने लिहिलं. त्याच्या शेजारी एक श्रीमंत व्यापारी राहायचा. तो किंदीची सतत निंदा करी. एके दिवशी व्यापाऱ्याच्या मुलाला अचानक झटका आला. हालचाल बंद, वाचा बंद. धंद्याचा सगळा हिशेब त्या मुलाकडेच होता, कुणाकडून किती येणं हे बापाला ठाऊक नव्हतं. हकीम हरले. कुणीतरी म्हणालं, या दुखण्याचा सर्वांत मोठा जाणकार तुझ्या भिंतीपलीकडे राहतो. व्यापाऱ्याला झक मारत त्याच्याकडे माणूस पाठवावा लागला.

किंदी आला. त्याने ऊद वाजवण्यात तरबेज असलेले आपले चार शागीर्द बोलावले, काय वाजवायचं ते सांगितलं आणि स्वतः मुलाची नाडी धरून बसला. हळूहळू श्वास वाढला, नाडीत जोर आला, मुलगा हलला, उठून बसला, बोलला. किंदी बापाला म्हणाला, विचारायचं ते विचारून घे. बापाने विचारलं, लिहून घेतलं. मग वाजवणं चुकलं आणि मुलगा पुन्हा होता तसा झाला. पुन्हा वाजवा, म्हणून बापाने विनवलं. किंदीने सांगितलं, आता उपयोग नाही. जेवढं आयुष्य बाकी होतं तेवढंच हे होतं.

ही गोष्ट लिहून ठेवणारा इब्न अल-किफ्ती १२४८ साली वारला, म्हणजे किंदीनंतर पावणेचारशे वर्षांनी. त्यामुळे ती अक्षरशः खरी मानायचा माझा आग्रह नाही. मला ती पटते ती वेगळ्या कारणासाठी. करामतीच्या गोष्टीत रोगी बरा होतो. इथे तो बरा होत नाही.

किंदीची उपपत्ती मात्र आज टिकत नाही. उदाच्या चार तारा म्हणजे शरीरातले चार रस, असं तो जुळवी. इब्न सीनाने नाडीच्या ठोक्यांत संगीताची मापं पाहिली, ते मला जास्त जवळचं वाटतं. लयीबरोबर श्वास आणि नाडी बदलते हे आज यंत्रांवर मोजता येतं. आणि हे फक्त ग्रंथांत राहिलं नाही. दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या इख्वान अस-सफा मंडळींनी संगीतावरच्या रिसाल्यात दुखणं हलकं व्हावं म्हणून शिफाखान्यात पहाटे वाजवल्या जाणाऱ्या सुरांचा उल्लेख केला आहे.

सगळ्यात सविस्तर वर्णन एदिर्नेचं आहे. तुर्कस्तानातल्या या शहरात तुंजा नदीकाठी सुलतान दुसऱ्या बायझीदने १४८४ ते १४८८ या काळात मशीद, वैद्यकाचा मदरसा आणि शिफाखाना एकाच आवारात बांधला. खर्च वक्फमधून. रोग्यांची इमारत षटकोनी, मध्ये घुमट, घुमटाखाली कारंजं, भोवती खोल्या. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो की, इथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीन दिवस ते रोग्यांसमोर, त्यातही मनोरुग्णांसमोर, गात-वाजवत. एवलियाला तिखटमीठ लावायची सवय होती, हे खरं. इमारत मात्र अजून उभी आहे. आज तिथे वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

गाणंबजावणं जायज की नाजायज, यावर आलिमांत मतभेद होते आणि आहेत. इमाम गझालींना 'इह्या'मध्ये 'समा'वर स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं, ते काय उगीच? पण मतभेद असणं वेगळं आणि 'आपल्यात नसतं' हे वेगळं.

अब्बांच्या स्पीच थेरपिस्ट बाईंना मी सलामचं सांगितलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात, गाण्यासाठी मात्र उजवी बाजूही मोठं काम करते. म्हणून वाचा गेलेला माणूस कधीकधी गाऊ शकतो. १९७३ मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी यावरूनच एक पद्धत मांडली. रोजचं छोटं वाक्य चालीत म्हणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग चाल हळूहळू सोडायची. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि तो नेमका कशामुळे येतो यावर अजून वाद आहे.

आम्ही 'पाणी द्या'ला चाल लावली. अम्मी अब्बांचा डावा हात धरून चादरीवर ठेका द्यायची. सात आठवडे लागले. 'द्या' अजून नीट येत नाही, 'पाणी' येतं.