संघटनात्मक वर्तन

कचेरी, कारखाना, बँक, इस्पितळ अशा ठिकाणी एकत्र काम करणारी माणसे कशी आणि का वागतात, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या उसनवारीवर ती उभी आहे.

अभ्यासक्रमात तिची सुरुवात बहुधा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यापासून होते. तेथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. उजेड वाढवला की काम वाढते का, हा मूळ प्रश्न होता. त्याचे धड उत्तर मिळाले नाही; पण एल्टन मेयो यांनी या प्रयोगांवरून कामगारांच्या आपसातल्या संबंधांना महत्त्व दिले. (निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, पाठ्यपुस्तके ती आवरती घेतात.) सगळ्यांत बोलकी तारजोडणीची खोली. तिथल्या १४ जणांनी दिवसाचे काम किती, हे आपसांत ठरवून टाकले होते. कोणी त्यापुढे गेला की दंडावर गुद्दा बसे. जास्त काम दिसले तर साहेब दर उतरवील, ही धास्ती होती.

‘किती पुरे’ हा प्रश्न बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला नवा नाही. बाराव्या शतकात येथे संत बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शिवभक्त शरणांनी कायक, म्हणजे कष्टाचे काम, आणि दासोह, म्हणजे त्यातले इतरांना देणे, ही मूल्ये मांडली. त्यांच्यातला आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एकदा त्याने नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत ठेवायला पाठवले, अशी कथा आहे. हॉथॉर्नमध्ये माप भीतीने धरलेले होते, येथे ते गरजेने. बाहेरून पाहणाऱ्या मुकादमाला मात्र दोन्हीकडे कामच कमी दिसेल.

पुस्तकांतला औपचारिक-अनौपचारिक संघटनेचा भेद बीदरच्या सीमाभागात हाकेतच कळतो. टिपणीवर ‘साहेब’ असलेला माणूस चहाच्या टपरीवर ‘अण्णा’ किंवा ‘मामा’ होतो आणि फायलीतली कन्नड तिथे दखनी किंवा मराठीत उतरते. रजेचा अर्ज अनेकदा टपरीवरच मंजूर होतो, सही नंतर.

असे न लिहिलेले नियम बीदरच्या बिद्रीकामातही आहेत; ते या अभ्यासाला फारसे आठवत नाही, ही उणीवच आहे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे एक जण ओततो, दुसरा त्यावर नक्षी कोरतो, तिसरा त्या खाचांत चांदी ठोकून बसवतो. शेवटी नवसागर आणि बीदर किल्ल्यातली जुनी माती पाण्यात कालवून त्यात भांडे टाकतात. धातू काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. ही माती योग्य आहे की नाही, हे जाणते कारागीर चिमूट जिभेवर ठेवून पारखतात. चव कशी हवी, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही. शिकणारा मुलगा उस्तादाशेजारी बसून, थुंकून थुंकून, ते शिकतो.