दिसत नसेल किंवा वाचन जमत नसेल, तर संगणक कसा वापरायचा?

एखाद्या घरात मुलाला अजिबात दिसत नाही किंवा फार कमी दिसतं. दहावी झाली की अम्मी-अब्बू विचारतात, "आता पुढे काय?" दुसऱ्या घरात मूल तोंडी सगळं फटाफट सांगतं, पण पुस्तक समोर धरलं की अडखळतं. त्याला सगळे आळशी म्हणतात. या दोन्ही मुलांना संगणक आणि मोबाइल वापरता यावा म्हणून खास सॉफ्टवेअर तयार झाली आहेत. त्यातली बरीचशी मोफत आहेत आणि काही तर आपल्या हातातल्या फोनमध्ये आधीपासूनच असतात.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे स्क्रीन रीडर. यात माउसची गरज पडत नाही, सगळं काम कीबोर्डवर होतं. टॅब दाबला की पुढचं बटण किंवा पुढची लिंक ऐकू येते. बाणाची की दाबत गेलं की एकेक ओळ ऐकू येते. वेबपेजवर एच दाबला की थेट पुढच्या शीर्षकावर जाता येतं. आवाज थांबवायचा असेल तर कंट्रोल दाबायचं. सरावलेली मुलं आवाजाचा वेग इतका वाढवतात की आपल्याला एक शब्द कळत नाही, त्यांना मात्र सगळं समजतं.

सर्वात ओळखीची नावं अशी आहेत :

जॉज : १९८९ साली अमेरिकेत टेड हेंटर यांच्या कंपनीने आणलं. हेंटर मोटारसायकल शर्यतीत उतरायचे. १९७८ मध्ये कार अपघातात त्यांची दृष्टी गेली. हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं आणि महाग आहे.

एनव्हीडीए : २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन यांनी सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांच्यासोबत आले. दोघेही दृष्टिहीन. विंडोजवर चालतं आणि पूर्णपणे मोफत आहे. पेन ड्राइव्हमध्ये ठेवून कुठल्याही संगणकावर चालवता येतं, त्यामुळे सायबर कॅफेत किंवा शाळेच्या लॅबमध्येही उपयोगी पडतं.

नॅरेटर : विंडोजमध्येच असतं. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की सुरू होतं, तसंच दाबून बंदही होतं.

टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर : पहिलं अँड्रॉइड फोनमध्ये, दुसरं आयफोनमध्ये. टॉकबॅक चालू असताना एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की ते उघडतं. घरात कुणाकडून चुकून चालू झालं तर फोन बिघडला असं समजू नका, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं.

ज्यांना थोडंफार दिसतं त्यांना आवाजाची गरज असेलच असं नाही. विंडोजची की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर अक्षरं मोठी करतो. काळ्या पडद्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं केली तरी अनेकांचं काम भागतं.

मराठी आणि उर्दूचं काय?

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. आवाज यंत्रासारखा वाटतो, पण सवय होते. अँड्रॉइडवर गुगलचा आवाजही या दोन्ही भाषा बोलतो.

खरी अडचण आपणच तयार करतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दिसायला मराठी असते, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. तिथे लिहिलेलं 'भारत' स्क्रीन रीडरला 'एच के के जे आर' असं दिसतं. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करावं. उर्दूत इनपेजमध्ये बनवून फोटो म्हणून पाठवलेलं पान तर स्क्रीन रीडरसाठी कोरंच असतं. शिवाय उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहिले जात नाहीत. 'इस' आणि 'उस' एकसारखेच लिहिले जातात. यंत्र कधी चुकीचं वाचतं, ते ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं.

हे मला एका विद्यार्थ्याने शिकवलं. मी फळ्यावरच्या नोट्सचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचे. तो काही दिवस गप्प होता. शेवटी म्हणाला, "टीचर, माझा फोन फक्त 'इमेज' म्हणतो." त्या दिवसापासून मी तेच टाइप करून पाठवते. वेळ थोडा जास्त जातो, बस इतकंच.

वाचनाची अडचण असेल तर

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची नजर ठीक असते, बुद्धीही ठीक असते. अक्षर आणि आवाज यांची जोडी लवकर बसत नाही. मराठीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचा गोंधळ होतो, जोडाक्षरं अडतात. उर्दूत बे, पे, ते यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा.

अशा मुलांसाठी मायक्रोसॉफ्टचा इमर्सिव्ह रीडर आहे. तो अक्षरांमधलं अंतर वाढवतो, मागचा रंग बदलतो, एका वेळी मोजक्याच ओळी दाखवतो आणि वाचत असलेला शब्द ठळक करतो. कानाने ऐकत डोळ्याने पाहिलं की वाचनाचा ताण कमी होतो. हा आजाराचा इलाज नाही, आधार आहे. तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी.

हक्क माहीत असू द्या

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व, कमी दृष्टी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अशा विद्यार्थ्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदलून देण्याची मुभा देतो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तकं मिळतात. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो, त्यासाठी शाळेकडे वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करावा.

सुरुवात आजच करता येते. एनव्हीडीए उतरवून घ्या, इन्सर्ट आणि १ एकत्र दाबा. आता कुठलीही की दाबली तरी तिचं नाव आणि काम ऐकू येतं, काही बिघडत नाही. पुन्हा तेच दाबलं की हा सराव बंद होतो. मुलाला रोज अर्धा तास त्यावर बसू द्या. आणि मुलगी असेल तर तिलाही बसू द्या.