वरसईची कावड

आमच्या देवघरात, देवांच्या मागे, लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा एक लहानसा गडू असे. "गंगा आहे ती, हात लावू नकोस," एवढेच आजी सांगायची. ती गंगा कोणी आणली, केव्हा आणली, हे तिलाही ठाऊक नव्हते. बेळगाव-निपाणीकडच्या पुष्कळ जुन्या घरांत असा गडू सापडेल. रेल्वे झाल्यावर काशीला जाऊन येणे सोपे झाले. त्याआधी मात्र प्रत्येक गडूमागे कोणाची तरी पायपीट होती. तिची हकीकत लिहून ठेवणारे थोडे. त्या थोड्यांत वरसईचे विष्णुभट गोडसे.

'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. सत्तावन सालची धामधूम आणि झाशीची राणी प्रत्यक्ष पाहिलेल्या मराठी माणसाचे लेखन म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती योग्यच आहे. पण मला ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचताना वाटत आले आहे, की ही आधी एका पायी चालणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. लढाई त्याच्या वाटेत आली. तो लढाई पाहायला निघाला नव्हता.

तो निघाला होता कर्ज फेडायला. पेण तालुक्यातल्या वरसईचे हे भिक्षुक घर, खाणारी तोंडे पुष्कळ आणि डोक्यावर ऋण. अशात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असून लाखो रुपयांचा दानधर्म होणार आहे. या बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी. निपाणीहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की येणारे ते कागल! तिथली मुलगी ग्वाल्हेरची राज्यकर्ती झाली आणि तिच्या यज्ञाच्या वार्तेने कोकणातला एक तिशीतला भटजी घराबाहेर पडला. मराठी मुलखाची लांबी-रुंदी त्या काळी अशी माणसांच्या नात्यांनी मोजली जाई.

घरच्यांना काळजी वाटली. हिंदुस्थान दूरचा, तिकडे भांग पितात, तिकडच्या बायका पुरुषांना भुलवतात, असल्या गोष्टी कोकणात सर्रास बोलल्या जात. अखेर काका रामभट बरोबर निघाले. या काकांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. मला तर वाटते, काका नसते तर पुस्तकही नसते. दोघांत एक जागा राहतो तेव्हा दुसरा झोपतो. एक तापाने पडला तर दुसरा पेज शिजवतो. लांबच्या पायी वाटेवर पुतण्याला काका असणे म्हणजे अर्धे घरच बरोबर असणे.

१८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते निघाले. बोरघाटातून आगगाडी जायला १८६३ साल उजाडायचे होते, तेव्हा सारी वाट पायांनीच कापायची. आजच्या रस्त्याने पुण्याहून इंदूर सहाशे किलोमीटरच्या आसपास, इंदूरहून ग्वाल्हेर आणखी पाचशे, तिथून झाशी शंभर. अशी वाट पडशी खांद्यावर टाकून, सोवळ्याने स्वतः रांधून, जंगल लागले की चार माणसांची सोबत मिळेपर्यंत थांबून कापायची. मजल-दरमजल हा शब्द आपण आता सहज वापरतो, पण त्यातली प्रत्येक मजल म्हणजे संध्याकाळी कोणाचे तरी दार असे.

आणि दारे होती. पुण्यापासून यमुनेपर्यंत मराठी घरांची जणू माळच ओवली गेली होती. धारला पवार, इंदूरला होळकर, उज्जैन आणि ग्वाल्हेरला शिंदे, झाशीला नेवाळकर, चित्रकूटजवळ कर्वीला अमृतराव पेशव्यांचे घराणे, ब्रह्मावर्तात १८५१ साली वारलेल्या दुसऱ्या बाजीरावांचा परिवार. सरदारांमागे कारकून गेले, कारकुनांमागे भिक्षुक, आचारी, वैद्य आणि त्यांची बायकामुले. ग्वाल्हेरचे लष्कर हे तर छावणीचेच शहर झाले. अनोळखी गावात शिरून गोत्र-शाखा सांगितली, गावाचे नाव सांगितले, की कोणीतरी कोणाचा तरी मेहुणा निघे आणि ओसरीवर पथारी पडे. हे दार सर्वांना उघडत नसे, हेही सांगितले पाहिजे. भटजींना ते जातीने उघडून दिले होते. त्याच वाटेने चालणाऱ्या भारवाह्याला किंवा शिपुर्ड्याला रात्र झाडाखालीच काढावी लागे. त्याचा 'माझा प्रवास' कोणी लिहिला नाही.

महूच्या सुमारास त्यांना शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. परतावे की पुढे जावे? ते पुढे गेले. यज्ञाचा बेत त्या गडबडीत बारगळला, पण ग्वाल्हेरला आसरा मिळाला, आणि पुढे झाशीत तर लक्ष्मीबाईंच्या राज्यात बरे दिवस आले. त्या दिवसांची किंमत १८५८ च्या मार्च-एप्रिलात द्यावी लागली. ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला, तोफांनी शहर भाजून काढले आणि मग गोरे शिपाई घराघरांत शिरले. लपून बसलेल्या काका-पुतण्यांचा जीव वाचला, मिळवलेला पैसा मात्र लुटला गेला. चौकाचौकांतल्या चिता आणि राजवाड्यातल्या ग्रंथालयाची झालेली धूळधाण यांचे भटजींनी केलेले वर्णन वाचताना आजही घशात काहीतरी अडकते.

त्यानंतरचा एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी भटजी पाणी काढत होते. तेवढ्यात पठाणी वेषातले काही स्वार आले. त्यांत राणी होती. तहानेने व्याकूळ. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर तिने विद्वान ब्राह्मणाला तसले श्रम देण्याचे नाकारले आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने प्यायली. या प्रसंगात लोकांना राणीची निष्ठा दिसते. मला त्यात दोन वाटसरू दिसतात, दोघांचेही घर मागे जळालेले. एकाने दुसऱ्याला पाणी द्यायची तयारी दाखवली, याहून वाटेवर माणूस माणसासाठी काय करणार? पुढे जूनमध्ये ग्वाल्हेरला ती पडली.

भटजींच्या हाती आता काय होते? द्रव्य गेले, यज्ञ नाही, कर्ज घरी तसेच. असा माणूस दक्षिणेची वाट धरील असे आपल्याला वाटते. पण ते चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशी तीर्थे करीत राहिले आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतीला लागले. हिशोबाने पाहिले तर हा वेडेपणा आहे. पैसा कोणीही वाटेत काढून घेतो, हे त्यांनी अनुभवले होते. पाणी कोण लुटणार?

कावड घेऊन चालणे साध्या चालण्यापेक्षा फार अवघड. बांबूच्या दोन टोकांना भरलेली भांडी, ती हिंदकळू द्यायची नाहीत, कुठेही जमिनीवर टेकवायची नाहीत, आणि सोवळे तर सुटूच द्यायचे नाही. अशी ओझी एकट्याने घरापर्यंत येत नाहीत. कोणीतरी मुक्कामाला स्वच्छ जागा द्यावी लागते, आडव्या दांडीला ती टांगू द्यावी लागते. कावडीला पाहून ओळख नसतानाही घरे उघडत.

हे सारे भटजींनी लिहिले ते पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते भटजींच्या पश्चात, १९०७ साली छापले, पण भाषेवर आणि मजकुरावर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक वैद्यांनी नीटनेटके केलेले भटजी वाचत होता. खरे भटजी अधिक भाबडे, अधिक चौकस आणि पानावरच्या पदार्थांविषयी अधिक बोलके आहेत. ज्यांनी पहिलीच आवृत्ती वाचली असेल त्यांनी दुसरी जरूर मिळवावी.

वरसईला तोवर बराच काळ उलटून गेला होता. उत्तरेतल्या कत्तलींच्या बातम्या कोकणात पोचत होत्या आणि घरच्यांनी कशाची आशा धरावी हे कळेना असे झाले होते. अशा घरी तो माणूस परतला. पैसा म्हणावा असा जवळ नव्हता. त्याने कावड उतरवली आणि म्हाताऱ्या आईवडिलांना गंगेचे स्नान घातले.