माळ्याच्या नांवाची वेल

बोगनवेल आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १७६७ सालीं बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजांचा मुक्काम ब्राझीलच्या किनाऱ्यावर पडला असतां कॉमरसॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचे नमुने मिळविले, आणि तिला नांव दिलें सफरीच्या नायकाचें. कॉमरसॉनबरोबर झान बारे नांवाची स्त्री पुरुषवेषानें मदतनीस म्हणून वावरत होती. नमुने गोळा करण्याचे व वाहण्याचे कष्ट तिनें उपसले. तिचें नांव एका वनस्पतीस मिळावयास २०१२ साल उजाडावें लागलें!

वनस्पतींच्या बारशाची रीत पुष्कळदां अशीच दिसते. ज्याचा मान मोठा, त्याचें नांव पुढें. म्हणूनच आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे त्या वेलीची हकीकत मला विशेष मोलाची वाटते. ही वेल म्हणजे होया. शहरांतील घरांत खिडकीच्या गजांवर चढविलेली ती आपण पाहिली असेल. पानें जाड व तुळतुळीत. फुलें छत्रीसारख्या झुबक्यांत, आणि प्रत्येक फूल म्हणजे जणूं मेणाची ओतलेली पांच कोनांची चांदणी. तिन्हीसांजेनंतर त्यांचा सुगंध दरवळूं लागतो.

घरोघर दिसणाऱ्या जातीचा मूळ प्रदेश म्हणजे दक्षिण चीन, तैवान व त्या बाजूचीं बेटें. प्रसिद्ध लिनीअसच्या चिरंजीवांनीं तिचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें, परंतु तिला त्यांनीं रुईच्या एका भाऊबंदांत ढकललें. नातें खोटें नव्हतें. रुईचा चीक आणि होयाचा चीक ज्यानें पाहिला त्यास तें पटेल. तथापि १८१० सालीं रॉबर्ट ब्राउन यानें फुलांची बारकाईनें तपासणी करून तिची निराळी प्रजाति ठरविली. पाण्यांतील सूक्ष्म कणांच्या हालचालीस पुढें ज्याचें नांव मिळालें, तोच हा ब्राउन. नव्या प्रजातीस नांव हवें होतें. लंडनजवळ थेम्सच्या कांठीं सायन हाउस येथें नॉर्थंबरलंडच्या ड्यूकाचा बाग होता व तेथील मुख्य माळी होता टॉमस हॉय. ब्राउननें मान दिला तो मालकास नव्हे, या माळ्यास.

हा निवाडा मला न्यायाचा वाटतो. ड्यूकापाशीं पैसा होता, तापविलेलें कांचगृह होतें. पण परमुलखांतल्या वेलीचें पाणी केव्हां तोडावें हें ड्यूकास ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. वनस्पतिशास्त्रज्ञास ताजें फूल हवें असेल तर तें फुलवून देणारा हात कोणाचा तरी असावाच लागतो. हॉय १८२२ सालीं वारला. १८४५ मध्यें इंग्लंडांत कांचेवरील कर उठला, कांच स्वस्त झाली, आणि सरदारांच्या कांचगृहांतल्या वेली हळूहळू सामान्य गृहस्थांच्या खिडक्यांत उतरल्या.

आतां हा माळ्याचा भाग आपणांस करावयाचा आहे. होयाच्या आज पांचशेंहून अधिक जाति गणल्या जातात, व आपल्या सह्याद्रींतही त्यांतल्या कांहीं आढळतात. रानांत ही वेल बहुधा झाडांच्या खोडांवर वाढते. तेथें मुळांना पाणी मिळतें तसें तें लगेच निथळूनही जातें. यावरून घरची व्यवस्था ओळखावी. कुंडी लहान असावी. मातींत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचा चुरा मिसळावा. वरची माती सुकल्यावांचून पाणी घालूं नये, आणि थंडींत तर हात फारच आखडता घ्यावा. होया मरते ती बहुधा तहानेनें नव्हे, लाडानें. सकाळचें ऊन चालतें. भर दुपारच्या उन्हानें पानें करपतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर ओल्या फडक्यानें पुसून काढावेत.

पानें नसलेला एखादा लांब शेंडा हवेंत चांचपडत पुढें येतो. वाळकी काडी समजून तो छाटूं नये. आधार सांपडला कीं त्यास पानें फुटतात. त्याहून महत्त्वाचें म्हणजे फुलें गळाल्यावर उरणारा आंखूड देठ. नीटनेटकेपणाची हौस असलेलीं माणसें तो हटकून कापतात. पुढल्या हंगामाचीं फुलें त्याच देठावर यावयाचीं असतात, व वर्षानुवर्षें येत राहतात. कळ्या धरल्यावर कुंडीची जागाही बदलूं नये. कळ्या गळण्याचा संभव असतो.

अलीकडे बाजारांत कुंडींत बदामाच्या आकाराचें एकच पान खोंचून विकतात. तीही होयाच, सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, वनस्पति गोळा करणाऱ्या कर नांवाच्या आयरिश डॉक्टराचें नांव त्या जातीस आहे. परंतु पानाबरोबर खोडाचें पेर आलेलें नसेल तर तें पान कित्येक वर्षें हिरवें राहील, त्याची वेल मात्र व्हावयाची नाहीं. पैसे मोजण्यापूर्वीं दुकानदारास पेर दाखवावयास सांगावें.