हिवाळ्याचे ऋण

आपल्याकडे निशिगंधाचा कंद मातीत खोवला, वेळेवर पाणी घातले, की त्याचे दांडे वर येतात. कंद लावणे म्हणजे एवढेच, अशी आपली समजूत. परंतु कंदांच्या गोतावळ्यात एक मोठे मानी घराणे आहे. त्याला खत द्या, पाणी द्या, ऊन द्या; कडक हिवाळा भोगल्यावाचून ते नीट फुलायचे नाही. हे घराणे ट्यूलिपचे. आणि माणूस असा हट्टी, की जिथे हिवाळा म्हणजे चार पावसाळी महिने, अशा भूमध्य समुद्राकाठच्या मुलखातही त्याला हेच फूल हवे! त्या हट्टाची ही हकीकत.

ट्यूलिपचे माहेर मध्य आशियातील तिएनशान आणि पामीर या पर्वतांत. तिथला हिवाळा बर्फाचा, उन्हाळा रखरखीत. दोन्ही काळ कंद जमिनीखाली मुकाट पडून राहतो आणि मधल्या थोडक्या वसंतात फुलून घेतो. काबूलच्या परिसरातले ट्यूलिपचे प्रकार बाबराने मोजवले, ते बत्तीस की तेहतीस भरले, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. एकाला तर गुलाबाचा वास होता म्हणे! तलवारीचा हा धनी फुले मोजीत बसला होता, हे वाचून मौज वाटते.

तुर्कांनी या फुलाला बागेत आणले. १५५४ साली बुस्बेक नावाचा वकील व्हिएन्नाहून सुलतानाच्या दरबारी निघाला. त्याच्या पत्रांत वाटेवर पाहिलेल्या या फुलांचा उल्लेख आहे. पुढे १५६२ च्या सुमारास अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर काही कंद आले. त्या भल्या गृहस्थाने ते कांदे समजून निखाऱ्यावर भाजले, तेल-व्हिनेगर लावून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीच्या वाफ्यात टाकून दिले. एका जाणत्या माणसाच्या दृष्टीस पडले, म्हणून त्यांतले थोडे वाचले. ही गोष्ट सांगणारा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियुस १५९३ साली लायडनला गेला. त्याच्या बागेतून हॉलंडात ट्यूलिपचे भाग्य उजळले. तिथे हिवाळा आयताच होता.

दक्षिणेची कथा वेगळी. १६०६ साली कॉन्स्टँटिनोपलहून फ्लॉरेन्सला एक नाजूक ट्यूलिप आला. आतून पांढरा, बाहेरून तांबूस पट्ट्यांचा. क्लुसियुसने त्याचे वर्णन केले आणि पुढे त्याचेच नाव या फुलाला मिळाले. या प्रकाराची थंडीची भूक मुळातच थोडी. कोरडा, तापलेला उन्हाळा मात्र त्याला हवा. इटलीत आणि दक्षिण फ्रान्समध्ये तो असा रमला, की बागेचे कुंपण ओलांडून रानात गेला.

१८२२ साली रबूल नावाच्या अभ्यासकाने फ्लॉरेन्सच्या आसपासच्या शेतांत सापडलेल्या ट्यूलिपच्या जातींचे वर्णन छापले. गव्हात आणि द्राक्षमळ्यांत लालभडक फुले उभी! ही आली कोठून? १८८४ साली लेव्हिए या डॉक्टरने युरोपातल्या ट्यूलिपांवर लिहिताना असे सुचविले, की यांतले बरेचसे जुन्या बागांतून निसटलेल्या फुलांचे वंशज असावेत. त्यांतला एक लाल ट्यूलिप मूळचा तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या बाजूचा. म्हणजे सौम्य हिवाळ्यातच वाढलेला. त्याला इटलीत बी धरत नाही. तो जमिनीखालून धुमारे सोडून पसरतो आणि शेतकऱ्याचा उथळ नांगर त्याचे कंद इकडून तिकडे नेऊन टाकी. बागेने टाकलेल्याला शेताने पोसले. पुढे विसाव्या शतकात ट्रॅक्टरचा खोल फाळ आला, तणनाशके आली, आणि पुष्कळ शेतांतून ही फुले नाहीशी झाली. नांगराने वाढविले आणि नांगरानेच मोडले.

मग हॉलंडच्या भरदार, मोठ्या फुलांचे काय? त्यांना थंडी कशाला लागते, याचा उलगडा विसाव्या शतकात होऊ लागला. वाखेनिंगनच्या प्राध्यापक ब्लाऊ यांनी १९२० नंतर आपल्या सहकाऱ्यांसह हायसिंथ आणि ट्यूलिपचे कंद निरनिराळ्या तापमानांत ठेवून, चिरून पाहिले. कंदाच्या पोटात चिमुकली कळी तयार होते ती उन्हाळ्यातच! थंडीचे काम पुढचे: दांडा उंच जाण्याची तयारी करून ठेवणे. ती न मिळाली तर फूल पानांच्या बेचक्यातच खुरटते, नाहीतर कळी आतल्या आत सुकते. घर बांधून झाले, पण जिनाच नाही, अशी गत.

म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियासारख्या, भूमध्य समुद्राकाठचेच हवामान लाभलेल्या प्रदेशात लोक हे कंद आठ-दहा आठवडे रेफ्रिजरेटरमध्ये ठेवतात आणि डिसेंबरअखेर माती निवल्यावर लावतात. तिथेही एक पथ्य आहे: शेजारी सफरचंद ठेवायचे नाही. पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो आतल्या कळीचा घात करतो. एवढे करून वसंतात फुले येतात, आणि ती सरली की बहुतेक जण कंद उपटून टाकतात. पुढल्या वर्षी नवे.

ज्याला मोठे फूल हवे, त्याने दर साली पेटीतून हिवाळा आणावा. त्यात वावगे काही नाही. परंतु क्रीट बेटावरच्या खडकांतून जांभळट गुलाबी ट्यूलिप कोणाच्याही पेटीवाचून फुलत आला आहे. बागकामाच्या चारशे वर्षांच्या या इतिहासात माळ्याने फुलाला पुष्कळ विनवले. आपल्या मातीला कोण मानवेल, हे मात्र त्याने फार उशिरा विचारले. फुलाला नवे गाव देता येते. त्याच्या पोटातले जुने गाव मात्र काढून घेता येत नाही. ज्याच्या पोटातले गाव आपल्या गावासारखे, तोच पाहुणा पिढ्यान्‌पिढ्या राहतो.