गळाची नळी आणि भीमेची खुद्री

मासा आणि माशी या शब्दांत फरक तो किती थोडा ! तरी माशीने मासा धरावा ही कल्पना आपल्या सुशिक्षित घरांत विनोदी वाटण्याचा संभव आहे. ही माशी अर्थात खरी नव्हे. पिसे, केस व रेशमी धागा गळाच्या दांड्यावर गुंडाळून किड्याचा अथवा लहान माशाचा भास उत्पन्न करावयाचा व तो लवचीक काठीने पाण्यावर फेकावयाचा, ही विलायतेतील जुनी कला होय. सुमारे 80 वर्षांपूर्वी तीत एक मोठा फरक झाला. माशी गळावर न बांधता पोकळ नळीवर बांधू लागले. बारामती-इंदापूरकडच्या एका मास्तराने हा इतिहास सांगावा, यास कारण आमच्या नद्यांतच आहे.

गळाची मौज साहेबाने आपणांस शिकविली, हा समज प्रथम सोडावा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरणच आहे. काठी, दोरी, गळ आणि निरनिराळ्या माशांना रुचणारे आमिष यांचा त्यात विचार आहे. राजाला मासे धरण्यास वेळ होता, आणि लिहिण्यासही होता, हे विशेष.

पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत कर्नल साइक्स याने दख्खनची पाहणी केली आणि 1839 साली येथील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक मासा पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला. त्याचे देशी नाव ‘खुद्री’ साइक्सने तसेच राखले, आणि आजही शास्त्रज्ञ त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. हा महासीर कुळातील मासा. मुळा-मुठा भीमेस मिळते; बारामतीची कऱ्हा नीरेत जाते, आणि नीराही इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे भीमेच्याच स्वाधीन होते. पाण्याचे गोत्र एकच आहे.

महासीर गळास लागला म्हणजे खरी परीक्षा माणसाची नसून गळाची होते. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री टॉमस याने 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मजबूत गळाचा आग्रह धरला आहे. जबड्याच्या दाबाने गळ वाकावा अथवा मोडावा, अशी या माशाची ख्याती. मोठी माशी बांधावयाची तर गळाचा दांडा लांब हवा. आणि दांडा लांब झाला की धडपडणाऱ्या माशाच्या तोंडात तो तरफेचे काम करतो. प्रत्येक हिसक्यासरशी टोक सैल होत जाते, आणि मासा सुटतो. तरफेचा नियम आम्ही शाळेत पहार व धोंडा घेऊन शिकवीत असू. मासा तो न शिकताच वापरतो!

या अडचणीवर तोड निघाली ती स्कॉटलंडात, सामन माशाच्या निमित्ताने. अ‍ॅबर्डीन येथील प्लेफेअर यांच्या दुकानात माश्या बांधणारी मिनी मोरावस्की हिला याचे श्रेय सामान्यतः देतात. काळ 1945 च्या आसपासचा. टर्की पक्ष्याच्या पिसाचा पोकळ देठ घेऊन तिने त्यावरच केस व पिसे बांधली. दोरी देठातून ओवावयाची आणि तिच्या शेवटी आखूड दांड्याचा तीन काट्यांचा गळ बांधावयाचा. मासा लागला की नळी दोरीवरून वर सरकते. तोंडात राहतो तो फक्त आखूड गळ. तरफच नाहीशी झाली. शिवाय कष्टाने बांधलेली माशी चावली जात नाही, आणि गळ बोथटला तर तेवढाच बदलता येतो. पुढे देठाची जागा प्लास्टिकच्या नळीने घेतली. खोल व वेगवान पाण्यासाठी पितळेची नळी, उथळ पाण्यासाठी हलकी. म्हणजे वजनाचा प्रश्नही नळीनेच सोडविला. पिसाच्या देठाला एवढा उपयोग असेल असे लेखणी करणाऱ्या आपल्या पूर्वजांना वाटले नसेल.

परंतु ही नळी घेऊन कोणी आज इंदापूरच्या काठी उभा राहिला, तर त्याला मिळेल काय ? 1980 साली उजनी धरण पुरे झाले. भीमेचा वाहता प्रवाह विस्तीर्ण जलाशय झाला, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. महासीरास वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते. भिगवणच्या बाजारात आज विपुल दिसते ती चिलापी, मूळची आफ्रिकेची. हिंदुस्थानात ती प्रथम 1952 साली आणली गेली. भोई मंडळींचे पोट तीवर चालते, म्हणून तिला नावे ठेवणे मला शोभणार नाही.

आणि खुद्री ? लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतर तिची पैदास हाती घेतली, आणि ते बीज दूरदूरच्या पाण्यांत गेले. कर्नाटकात कावेरीत ती इतकी फोफावली की तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे हटला. 2018 साली तो अत्यंत संकटग्रस्त ठरला. जिचे नाव मुळा-मुठेच्या काठी नोंदले गेले, ती कावेरीत परकी म्हणून गळास लागते, आणि आफ्रिकेची चिलापी भीमेत घरची होऊन बसली आहे.